ब्रदरांना शिव्या देण्याआधी आपली खातेवही उघडा

लिखाण जरा लांबलंय, सवडीने वाचा. काहींना राग येईल, येऊ दे. पंचाहत्तरीला टेकलोय, आता कुणाची मर्जी सांभाळायची राहिली नाही.

गेल्या गणेशोत्सवात आमच्या मंडळात एका पाहुण्यांचं भाषण झालं. विषय होता हैदराबादची मराठी माणसं. सुरुवात चांगली झाली, मग गाडी घसरली. म्हणाले, "इथलं मराठीपण मिशनरी शाळांनी गिळलं. आपली पोरं फादर लोकांनी पळवली." मंडपात टाळ्या. सवयीने मीही दोन वाजवल्या. शेजारी आमची ही बसली होती. ती हळूच म्हणाली, "तुम्ही कुठल्या शाळेतले हो? आणि आपली दोन्ही मुलं?"

टाळी तिथेच थांबली.

हे आत्ता सांगायचं कारण म्हणजे तेच वाक्य आमच्या संस्थेच्या नोटिशीत आलंय. इथली एक जुनी मराठी शाळा आमची संस्था चालवते. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. पटावर 31 मुलं उरली आहेत. "मिशनरी व कॉर्पोरेट शाळांच्या आक्रमणामुळे" वर्ग बंद करून इमारत एका कोचिंग क्लासवाल्याला अकरा वर्षांच्या कराराने द्यावी, असा ठराव रविवारच्या सभेपुढे आहे. आक्रमण! शब्द वाचून हसूच आलं. माझ्या घरात तर कुणी आक्रमण केलं नव्हतं. मी स्वतः सकाळी सहाला फॉर्मच्या रांगेत उभा होतो.

आधी एक दुरुस्ती. ते फादर नव्हेत, ब्रदर. आपल्याकडे पांढरा झगा दिसला की फादर म्हणायची पद्धत आहे, पण हा फरक मोठा आहे. फादर म्हणजे दीक्षा घेतलेला धर्मगुरू. तो मिस्सा सांगतो, पापाची कबुली ऐकतो, लग्नं लावतो. शाळा चालवणारा ब्रदर यातलं काहीच करत नाही. ब्रह्मचर्य, गरिबी आणि आज्ञापालन ही तीन व्रतं घेऊन तो जन्मभर मास्तरकी करतो. बेळगावकरांचं सेंट पॉल्स 1856 सालचं, पण ते जेझुइट फादरांचं. आमच्या गनफाउंड्रीचं ऑल सेंट्स 1855 सालचं, ते सेंट गॅब्रिएलच्या म्हणजे माँफोर्ट ब्रदरांकडे आहे. (आबिद अली आणि अझरुद्दीन तिथलेच. क्रिकेटचा विषय निघाला की आम्ही इतर शाळांची पोरं गप्प बसायचो.)

आता या ब्रदर लोकांचं मूळ बघा. म्हातारपणी वेळ मिळाला म्हणून वाचत गेलो आणि थक्क झालो.

फ्रान्समध्ये रॅम्स गावी ला साल नावाचा एक खानदानी धर्मगुरू होता. 1680 च्या सुमारास त्याने गरिबांच्या मुलांसाठी मास्तर लोकांना एकत्र आणलं. तेव्हा तिकडे मुलांना वाचायला आधी लॅटिनमधून शिकवत. घरी फ्रेंच, शाळेत लॅटिन. चांभाराचं, विणकराचं पोर दोन-तीन वर्षांनी कामाला जाणार, तोवर त्याला धड लॅटिनही येत नसे आणि फ्रेंचही वाचता येत नसे. ला सालने हे उलटं केलं. आधी फ्रेंच, मुलाची बोली. एवढंच नव्हे, आपल्या ब्रदरांना त्याने लॅटिन शिकवायला मनाई केली, आणि त्यांनी धर्मगुरू व्हायचं नाही असाही नियम घातला. कारण लॅटिन आलं की माणूस वर चढायला बघतो आणि गरिबाचा वर्ग सोडतो. पुन्हा वाचा मंडळी. मातृभाषेचं माध्यम हा त्या पहिल्या ब्रदरांचा आग्रह होता. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा.

दुसरा माँफोर्ट. यानेही गरिबांसाठी धर्मार्थ शाळा काढल्या. 1716 ला वारला, मागे मूठभर ब्रदर. पुढे एकोणिसाव्या शतकात गॅब्रिएल देशाय नावाच्या धर्मगुरूने ते मंडळ पुन्हा उभं केलं. बहिऱ्या-मुक्या मुलांना शिकवण्यात या ब्रदरांनी फ्रान्समध्ये मोठं काम केलं. मग तिथल्या सरकारचं आणि चर्चचं बिनसलं. 1901 चा कायदा आला, 1904 च्या कायद्याने तर धर्मसंघांना शिकवायलाच बंदी झाली. स्वतःच्या देशात शाळा चालवता येईना तेव्हा हे लोक जगभर पांगले. 1903 ला दक्षिण भारतात आले ते असे, घर सुटलेले.

आमच्या गनफाउंड्रीला जुने लोक 'तोप का सांचा' म्हणत. निजामाच्या पदरी रेमाँ नावाचा फ्रेंच सेनापती होता, त्याचा तोफा ओतायचा कारखाना तिथे होता. आपल्या लोकांनी त्याचा मूसा राम केला, मूसारामबाग त्याचंच. तोफा ओतणारा एक फ्रेंच होऊन गेला, त्याच गल्लीत पुढे फ्रान्सहून निघालेल्या ब्रदरांची शाळा.

तिसरा एडमंड राईस, आयर्लंडच्या वॉटरफर्डचा व्यापारी. आमच्या जातकुळीतला माणूस, जमाखर्च कळणारा. जहाजांना माल पुरवून पैसा केला. 1789 ला बायको गेली, मागे एक अधू मुलगी. 1802 ला याने एका तबेल्यात रस्त्यावरच्या पोरांची शाळा सुरू केली, फी नाही. ख्रिश्चन ब्रदर्स ते हेच.

तर अशी ही परंपरा. आता कुणी म्हणेल, साहेब, तुम्ही त्यांची वकिली करताय. नाही. तक्रारी माझ्याकडेही आहेत, आणि अंगावरच्या आहेत.

चौथीपर्यंत मी आपल्या मराठी शाळेत होतो. 1961 ला वडिलांनी मला ब्रदरांच्या एका शाळेत घातलं. कुठल्या ते सांगत नाही, मारणारे देवाघरी गेले आणि मार खाणारे अजून माझ्याबरोबर सकाळी फिरायला येतात. वर्गात मराठी शब्द तोंडातून निघाला की पाच नये पैसे दंड. मला पहिल्या महिन्यात इतका दंड झाला की आईने मधल्या सुटीचे पैसे बंद केले. भाषेच्या तासाला हिंदी, तेलुगू, उर्दू, काय हवं ते घ्या. मराठी यादीत नव्हतीच. आम्ही सात मराठी मुलं, हिंदीच्या वर्गात मागच्या बाकावर. छडी होती, आणि ती फक्त हातावर बसायची असंही नाही. आयर्लंडमध्ये तर याहून भयंकर घडलं. 2009 च्या सरकारी चौकशी आयोगाने ख्रिश्चन ब्रदर्सच्या मुलांच्या संस्थांत काय काय चालत होतं ते सगळं कागदावर आणलं. ते वाचवत नाही. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी 'त्या काळची शिस्त' वगैरे बोलू नये.

आणि सगळ्यात मोठी तक्रार ही की ज्यांच्या मूळपुरुषाने लॅटिन काढून पोराची बोली आणली, त्यांचे वारस आमच्या बोलीवर दंड लावत होते. हे त्यांना कुणी सांगितलं नाही का? की सांगायला आम्हीच गेलो नाही?

धर्मांतराचं म्हणाल तर माझ्या वर्गातल्या एकाचंही झालं नाही. कॅथलिक मुलांना कॅटेकिझम, आम्हाला त्या तासाला मॉरल सायन्स. त्यात गोष्टी असायच्या, आम्ही खिडकीतून कबुतरं बघायचो. चतुर्थीला जानवं घालून बसणारा आमचा वर्ग आजही तसाच बसतो. देव कुणी पळवला नाही. भाषा गेली. आणि ती कशी गेली ते आता सांगतो, कारण मूळ मुद्दा तोच आहे.

माझे आजोबा परभणीकडचे कुलकर्णी, मोडीत लिहीत. वडील उर्दू माध्यमात शिकले. आजच्या पोरांना हे खरं वाटत नाही, पण निजामाच्या राज्यात सरकारदरबारी उर्दू होती, 1918 चं उस्मानिया विद्यापीठसुद्धा उर्दू माध्यमाचं. वडील महसूल खात्यात अहलकार होते. त्यांचं उर्दू अक्षर असं की शेजारचे नवाबसाहेब स्वतःचे अर्ज त्यांच्याकडून लिहून घेत. मग 1948 चा सप्टेंबर आला. राज्य गेलं ते बरंच झालं, वडीलही तेच म्हणत. पण कचेरीत हळूहळू इंग्रजी आली. ज्या माणसाचा मसुदा तालुकदार न वाचता सही करायचा, तो माणूस चाळिशीत इंग्रजीची पहिली बुकं घेऊन बसला. ते म्हणायचे, "रात्री झोपलो तो पढालिखा होतो, सकाळी उठलो तो अंगठाबहाद्दर."

पुढे 1 नोव्हेंबर 1956. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आम्ही हैदराबादेत राहिलो, आंध्रात. म्हणजे गावाकडची भाषा सीमेपलीकडे, बापाची शिकलेली भाषा निकामी, आणि नव्या राज्याची भाषा येत नाही. अशा माणसाने पोराला कुठे घालावं? त्यांनी इंग्रजीत घातलं. दुसऱ्यांदा फसायचं नव्हतं त्यांना. मला त्यांचा राग नाही. ब्रदरांनी त्यांना घरी येऊन बोलावलं नव्हतं. एक ओळखीचे डॉक्टर, त्यांची चिठ्ठी, चिठ्ठी घेऊन तीन फेऱ्या, असं करून मला प्रवेश मिळाला.

वडिलांचं मी समजू शकतो. माझं स्वतःचं काय?

मी बी.कॉम. केलं, बँकेत लागलो, अधिकारी झालो. 1980 च्या आसपास मुलांच्या शाळेची वेळ आली तेव्हा मला कसली भीती होती? कसलीच नाही. घर होतं, पगार होता, पुण्या-मुंबईची पुस्तकं घरी येत होती. विवेकवर्धिनीसारखी संस्था डोळ्यांसमोर होती. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्यासारख्यांनी निजामाच्या राज्यात, सरकारी उर्दूच्या नाकावर टिच्चून ती उभी केली होती. आणि मी काय केलं? मराठी शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेत बसलो, एकशे एक रुपयांची पावती फाडली, आणि दोन्ही पोरं ब्रदरांकडे घातली. आमच्या मंडळाच्या तेव्हाच्या कार्यकारिणीत अकरा जण होतो. अकरांपैकी एकाचंही मूल मराठी शाळेत नव्हतं. मी मोजलं होतं. बँकेची सवय.

आता बँकेचीच एक गोष्ट. मी आबिड्सकडच्या शाखेत असताना एका ब्रदर-शाळेचं खातं आमच्याकडे होतं. फीच्या दिवसांत एक म्हातारे ब्रदर स्वतः कापडी पिशवीत रोकड घेऊन यायचे. नोटा लावलेल्या, चलन भरलेलं, बेरीज कधी चुकलेली नाही. एकदा मी सहज म्हटलं, "ब्रदर, तुमचं स्वतःचंही एक बचत खातं उघडा की." ते हसले. म्हणाले, त्यात घालू काय? त्यांचा पगार होता, पण तो त्यांच्या संघाच्या सामाईक खात्यात जमा व्हायचा. त्यातून त्यांचं जेवण, कपडे, औषध. उरलेलं परत कामात. हिशेबाच्या भाषेत सांगतो. ज्या शाळेत चार-पाच माणसं आयुष्यभर घरदार न करता, पगार घरी न नेता, आवारातच राहून काम करतात, त्या शाळेचा ताळेबंद तुमच्या-माझ्या शाळेसारखा असूच शकत नाही. त्यांनी जागा घेतल्या, सवलती घेतल्या, सगळं खरं. पण भांडवल होतं ते माणसांचं. आम्ही आमच्या शाळेला काय दिलं? रविवारची सकाळ. तीही चहा-पोहे असतील तर.

आणि कायदा? लोक मला म्हणतात, त्यांना अल्पसंख्याकांचे लाड आहेत. मंडळी, घटनेचं 30 वं कलम कधी वाचलंत का? धर्मावर *किंवा भाषेवर* आधारलेल्या सगळ्या अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क आहे. भाषेवर! 2002 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या अकरा न्यायमूर्तींनी सांगितलं की अल्पसंख्याक कोण हे राज्यनिहाय ठरवायचं. म्हणजे तेलंगणात आपण मराठी माणसं अल्पसंख्याक. कर्नाटकात बेळगावकर अल्पसंख्याक. जे कलम ब्रदरांच्या हातात आहे तेच 1950 पासून आपल्या हातात आहे. शिवाय 1956 च्या दुरुस्तीने 350-अ आलं, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्याने करावी म्हणून. बेळगावची मंडळी म्हणतील, कागदावर हक्क असून आम्हाला रोज भांडावं लागतं. कबूल. तुम्ही भांडताय, तुम्हाला नमस्कार. आम्ही हैदराबादी भांडलोसुद्धा नाही. आमची तक्रार फक्त मंडपात, लाउडस्पीकरवर.

ब्रदरांनाही एक सुनावतो, म्हणजे एकतर्फी नको. आज त्यांच्याकडे तरुण मुलं व्रत घ्यायला येईनाशी झालीत. वर्गावर बहुतेक पगारी शिक्षक, आणि शाळा चालते फीवर. 25 टक्के जागा गरिबांना देण्याची जी सक्ती शिक्षण हक्क कायद्यात आहे, ती अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही, असा 2014 चा निकाल आहे. कायद्याने बरोबर असेल. पण एडमंड राईसच्या तबेल्यातली पोरं आज आली तर गेटवरचा वॉचमन त्यांना आत सोडेल का? माँफोर्टचं नाव पाटीवर लावायचं आणि डोनेशनच्या चौकशीसाठी वेगळी खिडकी ठेवायची, हे मला पटत नाही. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात मी हे उभं राहून बोललो. जेवण छान होतं, विषय बदलला गेला.

आता त्या 31 मुलांकडे येतो.

मी परवा शाळेत जाऊन हजेरीपट बघून आलो. आपल्यापैकी, म्हणजे काचिगुडा, सुलतान बाजार, बडीचावडीच्या जुन्या घरांतलं, एकही नाव नाही. सगळी नांदेड, लातूर, बीदरकडून पोटासाठी आलेल्यांची पोरं. बाप वॉचमन, ड्रायव्हर, सेंट्रिंगवर मजूर. आई आपल्याच अपार्टमेंटमध्ये धुणीभांडी करते. एका मुलीला विचारलं, मोठेपणी कोण होणार? म्हणाली, "बँकेत, काका." मला कुणी पढवून ठेवल्यासारखं वाटलं, पण तिला मी कोण ते माहीत नव्हतं.

म्हणजे ला साल, माँफोर्ट, राईस यांनी ज्यांच्यासाठी शाळा काढल्या नेमकी तीच मुलं आज आपल्या मराठी शाळेत बसली आहेत. त्यांच्या बोलीत शिकवणारी ह्या गावातली ती उरलीसुरली जागा. आणि आपण, मराठीच्या नावाने गळा काढणारे, तिथे कोचिंगवाला बसवायला निघालो आहोत. भाड्यातून काय करणार? नोटिशीत लिहिलंय, 'मराठी संस्कृती संवर्धन'. म्हणजे दिवाळी पहाट आणि लावणी. मुलं गेली तरी चालतील, संवर्धन झालं पाहिजे.

काही जण म्हणतील, 31 मुलांसाठी एवढी इमारत परवडत नाही. मी तीन वर्षांचे हिशेब मागून घेतले आहेत. तूट आहे, पण आपण गणपतीच्या पाच दिवसांवर करतो त्या खर्चापेक्षा ती कमी आहे. हे आकडे सभेत वाचून दाखवीन. एक उपायही सुचवणार आहे. मराठी वर्ग ठेवा, इंग्रजी पहिलीपासून चांगली शिकवा, तेलुगू बोलती करा. संध्याकाळी दोन तास आपल्यातल्या निवृत्त लोकांनी जायचं. इंजिनिअर आहेत, प्राध्यापक आहेत, माझ्यासारखे आकडेमोडे आहेत. ब्रह्मचर्याचं व्रत कुणी मागत नाही, या वयात त्याचं कौतुकही नाही. पगार नको एवढंच.

ज्यांना हे जमत नसेल त्यांनी ठरावाला खुशाल हात वर करावा. फक्त नोटिशीतलं ते 'आक्रमण' तेवढं खोडा. त्या जागी, 'सभासदांनी आपली मुलं कधीच न घातल्यामुळे', असं लिहा. ही दुरुस्ती मी लेखी देतोय, अनुमोदक हवा आहे.

सभा रविवारी सकाळी 10 ला, शाळेच्याच हॉलमध्ये. मी साडेनऊला येतो. येताना हिशेबाची वही आणतोय, आणि आमची हीसुद्धा येणार आहे.